क्रिप्टो पोहोचलं नाही, म्हणजे अ‍ॅपवाल्यांनी दाबलं?

‘पाठवलेलं क्रिप्टो पोहोचलं नाही तर ते वॉलेट अ‍ॅपवाल्यांनी दाबलं समजा, तक्रार केली की परत देतात.’ सांगलीतल्या ग्रुपांवर हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय.

यूपीआयची सवय असल्यावर असं वाटणं साहजिक आहे, कारण तिथं मध्ये बँक असते. क्रिप्टोत मात्र आधी एकच बघा: किल्ली, म्हणजे पैसे हलवायचा गुप्त कोड, कोणाकडे आहे? अ‍ॅपनं सुरुवातीला १२ किंवा २४ शब्द लिहून ठेवायला सांगितले असतील, तर किल्ली तुमच्याकडे. झालेला व्यवहार असं अ‍ॅप उलटवू शकत नाही. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, ठेवलेल्या पैशांची किल्ली एक्स्चेंजकडे असते. तिथं पैसे काढताना रखडले, तर जाब त्यांनाच विचारायचा.

मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या हळद व्यापाऱ्याचं बिटकॉइन दोन दिवस ‘पेंडिंग’ होतं. बिचारा जेवलासुद्धा नव्हता. व्यवहाराचा आयडी आम्ही ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकला. फी त्यानंच सगळ्यात कमी निवडली होती. साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, बनतो, त्यात जास्त फीवाले आधी जातात. याचा नंबर मागे पडला होता. अ‍ॅपचा दोष नव्हता.

तुम्हीही आयडी असाच टाकून पाहा. ‘कन्फर्म्ड’, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये गेला असं, दिसलं तर पत्ता अक्षर न् अक्षर ताडा. चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे त्या पत्त्याची किल्ली असणाराच परत करू शकतो. ‘मी काढून देतो’ म्हणत ते १२ किंवा २४ शब्द कुणी मागितले, तर अजिबात सांगू नका.