पॅकेज मॅनेजर आणि रिपॉझिटरी (लिनक्स डेस्कटॉप)

लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचं, अपडेट करायचं, काढायचं काम जो प्रोग्राम करतो तो पॅकेज मॅनेजर, आणि तो जिथून माल आणतो ते ऑनलाइन कोठार म्हणजे रिपॉझिटरी, बोलताना सगळे नुसतं रेपो म्हणतात. विंडोजची सवय असलेला माणूस आधी गुगलवर जातो, सेटअप फाइल उतरवतो आणि नेक्स्ट नेक्स्ट दाबत बसतो, इथं त्याची गरज सहसा पडत नाही कारण डिस्ट्रोवाल्यांनी (डिस्ट्रो म्हणजे उबुंटू, डेबियनसारखी लिनक्सची तयार आवृत्ती) हजारो पॅकेजेस, म्हणजे टाकायला तयार बांधलेली सॉफ्टवेअर, एकमेकांशी जुळवून रेपोत ठेवलेली असतात. नांदेड-लातूरकडं जुन्या मशीनवर मिंट किंवा उबुंटू टाकून घेतलेला माणूस मग अडतो तो इथं, की एकच सॉफ्टवेअर तीन-तीन ठिकाणी दिसायलंय तर घ्यायचं कुठून.

आपल्याकडं पेरणीच्या आधी मोंढ्यात सोयाबीनची पिशवी घेताना माणूस सील बघतो, टॅग बघतो, पावती मागतो. रेपोचं सील म्हणजे जीपीजी सही, रेपोवाल्यांची डिजिटल सही. डेबियन-उबुंटूमधलं ॲप्ट आधी रेपोच्या यादीवरची सही तपासतं, त्या यादीतून प्रत्येक पॅकेजचा चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) मिळतो, त्यामुळं मिरर (रेपोची दुसऱ्या सर्व्हरवरची नक्कल) कुठलाही असला आणि मधी कुणी फाइल बदलली तरी ते पकडलं जातं. पण सील फक्त पिशवी कुणी भरली ते सांगतं, आतलं बी उगवंल का नाही ते नाही सांगत. आणि पॅकेज टाकताना त्याच्या आतल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सिस्टममधल्या सगळ्यात वरच्या अधिकारानं चालतात, म्हणजे नवा रेपो जोडला की त्या माणसाला घराची किल्लीच दिली, हे एक कळलं की बाकीची निवड लई सोपी होते.

डीपीकेजी हे पॅकेज टाकायचं साधन 1994 चं, इयन मरडॉकनं सुरू केलेल्या डेबियनमधलं. पण ते एकेक पॅकेज टाकायचं, त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस आपणच शोधायची. ते शोधायचं काम करणारं ॲप्ट 1999 मधे डेबियन 2.1 सोबत आलं. रेड हॅटकडं आरपीएम, त्याच्यावर यम, आणि 2015 च्या फेडोरा 22 पासून डीएनएफ. आर्चचं पॅकमन, ओपनसुसेचं झिपर. कोणतं फास्ट यावर लोक तासन्‌तास भांडतात, त्यात काही अर्थ नाही, कारण पॅकेज मॅनेजर डिस्ट्रोसोबतच येतो आणि खरा फरक रेपोमागच्या माणसांत आणि त्यांच्या वेळापत्रकात असतो. डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षांनी येतं, मधे सॉफ्टवेअरची व्हर्जन सहसा बदलत नाही, मुख्यतः सुरक्षेचे फिक्स येतात. उबुंटूच्या एलटीएसला (लांब मुदतीची आवृत्ती) पाच वर्षं सपोर्ट, फेडोराला साधारण तेरा महिने. आर्च रोलिंग आहे, म्हणजे वेगळ्या आवृत्त्या नाहीत, अपडेट सतत येत राहतात, तिथं अर्धवट अपडेट चालतच नाही, एक पॅकेज नवं पाहिजे तर सगळी सिस्टम अपडेट करा, दोन महिने मशीन बंद ठेवून मग चालू केलं तर रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधे ते बसंलच असं नाही.

जुनं म्हणजे वाईट असं बऱ्याच जणांना वाटतं. मार्च 2024 मधे एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमधे कुणीतरी मुद्दाम चोरदार ठेवल्याचं आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या लक्षात आलं, 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमधे, ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत (स्टेबलच्या आधीचे चाचणीचे टप्पे) पोचली होती, स्टेबलमधे नव्हती. म्हणून घरच्या, दुकानच्या, संस्थेच्या मशीनला मी स्टेबल किंवा एलटीएसच सांगतो.

आता सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्याचा क्रम. आधी डिस्ट्रोचा स्वतःचा रेपो. मराठी टायपिंगसाठी आयबस-एम17एन, लोहित देवनागरी फॉन्ट, लिबरऑफिसचं मराठी पॅक, हे सगळं तिथंच मिळतं, त्यासाठी बाहेर हिंडायची गरज नाही. एखादं ॲप फारच जुनं वाटलं तर फ्लॅटपॅक (लागणारं बरंचसं वेगळं सोबत आणणारं, बहुतेक डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज), फ्लॅटहब या ऑनलाइन स्टोअरवरून. ते सिस्टमच्या लायब्ररींना हात लावत नाही, पण पहिल्यांदा रनटाइम (ॲप चालायला लागणारा पाया) उतरताना शेकडो एमबी जातात आणि सँडबॉक्स (ॲपभोवतीचं कुंपण) प्रत्येक ॲपला सारखा कडक नसतो, परवानग्या बघूनच घ्यायचं. स्नॅप हे तसलंच, उबुंटू बनवणाऱ्या कॅनोनिकल कंपनीचं, स्टोअर त्यांच्याच ताब्यात आणि अपडेट आपोआप होतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे जड जातं, होल्ड करून ठेवता येतं. मिंटनं 2020 पासून ते बंदच ठेवलंय, पाहिजे असंल तर आपण चालू करायचं. ॲपइमेज ही एकच फाइल असते, चालवायला सोपी, पण बहुतेक वेळा अपडेट आपल्यालाच बघावं लागतं.

सगळ्यात शेवटी पीपीए (उबुंटूसाठी कुणीही उघडू शकतो असा रेपो) आणि एयूआर (आर्च वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या पॅकेज बनवायच्या स्क्रिप्टचा साठा). जुलै 2025 मधे एयूआरवर फायरफॉक्स वगैरे ब्राउझरच्या नावानं मालवेअर असलेली पॅकेजेस कुणीतरी टाकली होती, दोनेक दिवसांत काढली, तरी तेवढ्यात ज्यांनी पॅकेजबिल्ड, म्हणजे ती स्क्रिप्ट, न वाचता टाकली त्यांचं काय. डेबियन स्टेबलमधे उबुंटूचा पीपीए किंवा अनस्टेबलचा रेपो मिसळला की जे कडबोळं होतं त्याला डेबियनवालेच फ्रँकेनडेबियन म्हणतात. उबुंटूची व्हर्जन बदलायच्या आधी पीपीए-पर्ज वापरून पीपीए काढून घ्यावा, ते पॅकेज परत मूळ रेपोच्या व्हर्जनवर आणतं. मी एकदा ते न करता अपग्रेड केलं आणि डिस्प्लेच गेला, रात्रभर टर्मिनलवर बसून नीट केलं.

लाइट जाते त्याचाही विचार करावा. ॲप्ट मधेच बंद पडलं तर घाबरून फॉरमॅट मारू नये, सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए चालवलं की अर्धवट राहिलेली पॅकेजेस बहुतेक वेळा पूर्ण होतात. फ्लॅटपॅकमधे नवी आवृत्ती पूर्ण उतरल्यावरच जुनीच्या जागी येते, म्हणून त्याला हा त्रास कमी. आणि कॉलेजच्या लॅबमधे वीस मशीन असतील तर एकावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवावं, पॅकेज एकदाच नेटवरून येतं, बाकीच्या एकोणीस मशीन ते लॅबच्या आतूनच घेतात. नुसत्या डेब फाइली (डेबियन-उबुंटूच्या पॅकेजच्या फाइली) पेनड्राइव्हवर नेणार असाल तर डाउनलोड ॲप्ट-गेटनं करावं, कारण साधं ॲप्ट इन्स्टॉल झाल्यावर त्या फाइली पुसून टाकतं.