अरगटातून निघालेलं एर्गोथायोनीन: आधी बिनकामाचं, आता म्हातारपणाचं व्हिटॅमिन

बाजरी पेरायच्या आधी आमच्याकडे एक काम ठरलेलं असायचं. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं, वर तरंगेल ते सगळं काढून नष्ट करायचं आणि तळाला बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळत घालायचं. वर जे यायचं त्यात पोचट दाणे असायचे आणि अरगटाच्या काळपट गाठी. अरगट म्हणजे कणसावर येणारी बुरशी, आधी गुलाबीसर चिकट थेंब गळतात आणि मग दाण्याच्या जागी ही गाठ धरते. 1950 च्या दशकात मुंबई राज्यात अशी बाजरी खाऊन लोक आजारी पडले होते, उलट्या, गरगरणं, सुस्ती. त्यामुळे अरगट दिसलं की फेकायचं, एवढंच आम्हाला माहीत.

आता सप्लिमेंटच्या जाहिरातींत 'दीर्घायुष्याचं व्हिटॅमिन' म्हणून जे एर्गोथायोनीन मिरवतंय ना, त्याचं नाव याच अरगटावरून पडलंय. म्हणजे आपल्या बाजरीवरचं नव्हे, युरोपातल्या राय नावाच्या धान्यावरचं, ती याची चुलत बहीण आणि जास्त घातक, तिने मध्ययुगात लोकांची हातापायाची बोटं सडवली. अरगट हा शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ कोंबड्याच्या पायाचा काटा, कारण रायच्या कणसातून ती गाठ तशीच बाहेर डोकावते.

शार्ल तान्रे नावाचा एक फ्रेंच औषधविक्रेता होता, आयुष्यभर या अरगटाच्या मागे लागलेला. 1889 मध्ये त्याने त्यातून एर्गोस्टेरॉल काढलं, ज्याच्यापासून पुढे व्हिटॅमिन डी2 बनवायला लागले, आणि 1909 मध्ये गंधक असलेले छोटे स्फटिक काढले, तेच हे एर्गोथायोनीन. दोन वर्षांत त्याची रचनाही कळली. पण उपयोग काय? कुणालाच पत्ता नाही.

मग 1920 च्या दशकात गंमत झाली. रक्तातलं युरिक ॲसिड मोजताना आकडा खऱ्यापेक्षा जास्त यायचा, तांबड्या पेशींत काहीतरी दुसरंच होतं जे टेस्टमध्ये लुडबुड करत होतं. शाळा-कॉलेजात साखर तपासायला बेनेडिक्टचं निळं द्रावण वापरलंय ना, त्याच स्टॅन्ली बेनेडिक्टच्या लॅबने 1926 च्या सुमारास डुकराच्या रक्तातून ती वस्तू वेगळी काढली आणि तिला स्वतःचं नाव दिलं, दुसऱ्या एका गटाने तीच काढून तिसरंच नाव ठेवलं, आणि शेवटी कळलं की अरे हे तर तान्रेचंच! म्हणजे माणसाच्या आणि जनावराच्या रक्तात बुरशीतला पदार्थ. मक्यावर पोसलेल्या डुकरांत तो जास्त सापडायचा, तेव्हा अन्नातूनच येतो असा संशय आला. 1950-60 च्या दशकांत स्पष्ट झालं की बुरशी आणि काही जिवाणू (त्यात टीबीच्या जिवाणूच्या घराण्यातलेही) हा स्वतः बनवतात, प्राणी आणि झाडं नाही बनवत. झाडं मुळावाटे मातीतून घेतात, आपण ताटातून.

यानंतर बराच काळ फारसं काही नाही. हे खाल्लं नाही म्हणून स्कर्व्हीसारखा रोग होतो असं कुठे दिसलं नाही, आणि रोग नाही म्हटल्यावर कोण विचारणार?

माझ्या मते खरी कलाटणी 2005 ची. जर्मनीत कोलोन विद्यापीठात डिर्क ग्रुंडेमान आणि मंडळी पेशीच्या आवरणातल्या एका वाहक प्रोटीनवर, म्हणजे पदार्थ आत नेणाऱ्या प्रोटीनवर, काम करत होती, ओसीटीएन1 त्याचं नाव. तोवर समजूत अशी की हे प्रोटीन असंच काहीबाही आत नेतं. त्यांनी दाखवलं की त्याला खरं हवं असतं ते एर्गोथायोनीन, बाकीचे पदार्थ त्याच्यापुढे किरकोळ. म्हणजे बघा, शरीराने एका पदार्थासाठी खास दार ठेवलंय, आतड्यात ठेवलंय, जिथे तांबड्या पेशी तयार होतात तिथेही ठेवलंय, आणि मूत्रपिंडातही, म्हणजे लघवीत निघून चाललेलं परत आत ओढायला. फुकट कोण एवढा खटाटोप करेल?

आत गेल्यावर ते करतं काय, तर गंज रोखतं असं समजा. पेशीतलं आपलं नेहमीचं गंजरोधक, ग्लुटाथायोन, ऑक्सिजनच्या माऱ्यात स्वतःच पटकन खर्ची पडतं, एर्गोथायोनीनमधलं गंधक मात्र अशा रूपात असतं की ते सहजी गंजत नाही, घातक कण टिपतं, तांब्या-लोखंडाचे मोकाट अणू धरून ठेवतं. 2010 मध्ये पॉल आणि स्नायडर या संशोधकांनी वाहकच बंद केलेल्या पेशींवर प्रयोग केले, तर त्या पेशी अशा माऱ्यात जास्त मरायला लागल्या.

मेंदूचा धागा सिंगापूरचा. तिथले संशोधक बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने 2016 मध्ये मांडलं की साठीनंतर रक्तातलं प्रमाण घसरतं, आणि स्मृती मंदावलेल्यांत ते आणखी कमी असतं. 2018 मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी 'दीर्घायुष्याची व्हिटॅमिनं' अशी यादी काढली, त्यात हे घातलं, जाहिरातवाल्यांना तेवढंच पुरलं. 2019 मध्ये परत सिंगापूर, साठीपुढचे 663 जण, आठवड्याला दोनपेक्षा जास्त वाट्या मशरूम (तीही बुरशीच, म्हणून त्यात एर्गोथायोनीन असतं) खाणाऱ्यांत सौम्य स्मृतिदोषाची शक्यता जवळपास निम्मी. वाटी म्हणजे शिजवलेलं 150 ग्रॅम, पिझ्झावरचे चार काप नव्हे.

पण यातून मशरूमनेच मेंदू वाचला असं सिद्ध होत नाही, आजारी माणूस मुळात कमी आणि मऊसूतच जेवतो, किंवा ते दारच म्हातारपणी कुरकुरत असेल. त्यासाठी गोळी आणि खोटी गोळी देऊन तुलना करावी लागते, तशी सिंगापुरातच झाली, 25 मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा, वर्षभर, पण माणसं इतकी थोडी की ती चाचपणीच म्हणायची.

मशरूममध्येही सगळी सारखी नाहीत. बाजारातल्या पांढऱ्या बटणापेक्षा धिंगरीत हे बरंच जास्त असतं, तीच धिंगरी जी आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर लटकवून घेतात आणि जी घरी आणली की आमच्या आई अजून म्हणतात, बुरशी ती बुरशीच, माझ्या कढईत नको.