सुशीलकुमार शिंदे सभापती झाले असते, पण कुठले?

2002 साली सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदेंनी उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. भैरोसिंह शेखावतांना 454 मतं पडली, शिंदेंना 305. निकाल उलटा लागता तर आपला माणूस राज्यसभेचा सभापती झाला असता, कारण उपराष्ट्रपती हाच तिथला पदसिद्ध सभापती. डिसेंबर 2024 मध्ये शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले राम शिंदेही सभापती झाले, पण विधान परिषदेचे. शिंदे सारखे, पद सारखं, सभागृह दोन्हीकडे वरिष्ठ. वाट मात्र निराळी.

राम शिंदे परिषदेचेच सदस्य. परिषद आपल्यातूनच एकाला निवडते आणि मतही फक्त तिचे सदस्य देतात. त्या वेळी तर निवड बिनविरोधच झाली. (सोलापूरची स्थानिक स्वराज्य संस्थांची जागा तेव्हा रिकामीच होती, ही वेगळी रडकथा.) राज्यसभेचा सभापती त्या सभागृहाचा सदस्य नसतो. खासदार उपराष्ट्रपती झाला तर त्याला खासदारकी सोडावी लागते. त्याला निवडतात दोन्ही सभागृहांचे खासदार, गुप्त मतदानानं. म्हणजे सोलापूरच्या लोकसभा खासदाराला राज्यसभेच्या सभापतीसाठी मत आहे, पण शहर उत्तरच्या आमदाराला यातल्या एकाही निवडणुकीत नाही. राष्ट्रपती निवडताना आमदार मत देतात, म्हणून इथं हमखास घोळ होतो.

खरी मेख मुदतीत आहे. परिषदेच्या सभापतीची सदस्यत्वाची मुदत संपली की खुर्चीही गेली. जुलै 2022 मध्ये रामराजे नाईक निंबाळकरांचं तसंच झालं आणि पुढची जवळपास अडीच वर्षं उपसभापती नीलम गोऱ्हे यांनीच कारभार पाहिला. संविधान ‘शक्य तितक्या लवकर’ निवडा म्हणतं, तारीख देत नाही. त्या सवलतीचा इतका फायदा घेणं मला तरी पटत नाही. उपराष्ट्रपतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आतच निवडणूक उरकावी लागते. मध्येच पद रिकामं झालं तर तिथंही ‘शक्य तितक्या लवकर’च. तरी जुलै 2025 मध्ये जगदीप धनखड यांनी राजीनामा दिल्यावर 9 सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन निवडून आले. तेव्हा ते आपलेच राज्यपाल होते.

हटवायचं तर दोघांनाही 14 दिवस आधी नोटीस. परिषदेच्या सभापतीला परिषदेचं बहुमत घरी पाठवू शकतं. उपराष्ट्रपतीला हटवण्याचा राज्यसभेचा ठराव लोकसभेनंही मान्य करावा लागतो.