वाजत असलेला आवाज कमी-जास्त करणे: गेम बनवण्याच्या टूल्सची पार्श्वभूमी

ब्लॉक जोडून किंवा इव्हेंट मांडून गेम बनवता येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टूलमध्ये 'आवाज इतका करा' ही कृती असते. तिच्यात भरायचा आकडा मात्र सगळीकडे सारखा नाही. स्क्रॅच आणि जीडेव्हलपमध्ये तो ० ते १००, गेममेकरमध्ये ० ते १, तर कन्स्ट्रक्टमध्ये डेसिबल, जिथे ० म्हणजे मूळ फाइलचा पूर्ण आवाज. दुसऱ्या टूलची सवय असलेला माणूस कन्स्ट्रक्टमध्ये आवाज बंद करायला ० लिहितो आणि संगीत पूर्ण जोरात सुरू राहते.

अशा वेगवेगळ्या मोजपट्ट्या जुन्या हार्डवेअरपासून चालत आल्या आहेत. १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकातल्या सिड या ध्वनी-चिपवर एकूण आवाजासाठी चार बिटांचा एकच आकडा होता, ० ते १५. तो बदलला की 'टक्' असा आवाज येई. प्रोग्रामरांनी हाच दोष कामाला लावला आणि तो आकडा भराभर बदलून चक्क ध्वनिमुद्रित आवाज वाजवले. १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम यंत्रात पल्स चॅनेलना (एका प्रकारचा सूर वाजवणाऱ्या वाटांना) आवाजाच्या १६ पायऱ्या होत्या, पण ट्रँगल चॅनेल फक्त चालू किंवा बंद. वाद्ये आणि संगणक जोडणाऱ्या मिडी या मानकाने त्याच सुमारास ० ते १२७ ही पट्टी रूढ केली.

विंडोजवर १९९५ मध्ये डायरेक्टएक्स या गेमसाठीच्या सॉफ्टवेअर संचासोबत ध्वनी वाजवणारा त्याचा भाग, डायरेक्टसाउंड, आला. त्यात आवाज डेसिबलच्या शंभराव्या भागात द्यायचा: ० म्हणजे पूर्ण, उणे १०,००० म्हणजे शांतता. स्लायडरची टक्केवारी या पट्टीवर सरळ बसवली, तर स्लायडर निम्म्यावर येताच आवाज उणे ५० डेसिबलला पोहोचतो, म्हणजे ऐकूच येत नाही. खालचा अर्धा स्लायडर वाया जातो.

० ते १ च्या पट्टीत चूक उलट्या बाजूने होते. १ वरून ०.५ केले तर घट फक्त ६ डेसिबलची, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते, म्हणजे आकडा ०.३२ च्या आसपास हवा. त्यामुळे स्लायडर वरच्या टोकाला सुस्त वाटतो आणि खालच्या टोकाला एकदम कोसळतो. सोपा उपाय म्हणजे स्लायडरच्या किमतीचा वर्ग करून तो आकडा आवाजाला द्यायचा: ०.५ चे ०.२५, म्हणजे उणे १२ डेसिबल. कन्स्ट्रक्टमध्ये टक्केवारीला १०० ने भागा, त्याचा १० पायाचा लॉगॅरिदम घ्या आणि २० ने गुणा. ५० टक्क्यांचे उणे ६ येतात, १० टक्क्यांचे उणे २०. शून्याचा लॉगॅरिदम नसतो, म्हणून स्लायडर ० वर आला की हे सूत्र न वापरता आवाज थेट मूक करावा.

मात्र आकड्यापेक्षा जास्त वेळ खाणारा प्रश्न आहे तो 'कोणाचा आवाज?' हा. प्रत्येक टूलने त्याचे उत्तर आपापल्या परीने दिले. मार्क ओव्हरमार्स यांच्या गेममेकरची पहिली आवृत्ती १९९९ ची. जुन्या आवृत्त्यांत आवाजाची फाइल हेच लक्ष्य असे. २०१२ च्या गेममेकर स्टुडिओपासूनच्या ऑडिओ फंक्शनमध्ये फाइलचे नाव दिले तर तिच्या सगळ्या वाजत्या प्रती बदलतात, आणि वाजवताना परत मिळालेला क्रमांक दिला तर तेवढी एकच प्रत. बदलाला लागणारा वेळ मिलिसेकंदात देता येतो. कन्स्ट्रक्टमध्ये हे काम टॅग, म्हणजे वाजवताना आवाजाला दिलेले नाव, करतो. जीडेव्हलपमध्ये आवाज ज्या वाटेने वाजतो तिचा, म्हणजे चॅनेलचा, क्रमांक असतो. तिथे चॅनेल न देता वाजवलेला आवाज नंतर हाताशी राहत नाही, आणि ध्वनी व संगीत यांचे चॅनेल वेगळे असल्यामुळे संगीताच्या चॅनेल १ साठी ध्वनीची कृती लावली की काहीच घडत नाही.

स्क्रॅचने हा प्रश्न स्प्राइटपाशी, म्हणजे पडद्यावरच्या पात्रापाशी, सोडवला. एमआयटी मीडिया लॅबचे हे टूल २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, २०१३ ची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर चाले आणि जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती जावास्क्रिप्टवर आली. आवाजाची पातळी त्या-त्या स्प्राइटची स्वतःची असते. मंचावर (पात्रांमागच्या पार्श्वभूमीवर) वाजणारे संगीत कमी करायचे तर संदेश प्रसारित करून मंचाच्याच स्क्रिप्टमध्ये ब्लॉक लावावा लागतो. सर्वाधिक अडखळायला होते ते 'आवाज संपेपर्यंत वाजवा' या ब्लॉकपाशी. स्क्रिप्ट तिथे थांबते, म्हणून खालचा व्हॉल्यूमचा ब्लॉक गाणे संपल्यावर चालतो. 'आवाज सुरू करा' वापरा, त्याखाली २० वेळा फिरणारे लूप ठेवा, आत व्हॉल्यूम उणे ५ ने बदला आणि ०.०५ सेकंद थांबा. सुमारे एका सेकंदात आवाज विरतो. त्यानंतर व्हॉल्यूम पुन्हा १०० करायला विसरू नका, नाहीतर त्याच स्प्राइटचा पुढचा आवाजही ऐकू येणार नाही.

फ्रेमगणिक १ ने कमी करण्याची पद्धत टाळलेलीच बरी. सेकंदाला ६० फ्रेम असताना १०० पायऱ्यांना १.७ सेकंद लागतात, गेम मंदावून ३० वर आला की ३.३. शिवाय ४४,१०० हर्ट्झला एका फ्रेममध्ये ध्वनीचे ७३५ नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे) येतात. तेवढा वेळ पातळी स्थिर राहून मग उडी मारते आणि सलग सुरांत खरखर ऐकू येते. टूलची स्वतःची फेड (आवाज हळूहळू बदलण्याची) कृती असेल तर तीच वापरावी.

ब्राउझरमध्ये असा सलग फेड शक्य झाला तो वेब ऑडिओमुळे, म्हणजे ब्राउझरमधल्या ध्वनीच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेमुळे. त्याचा पहिला मसुदा २०११ चा, आणि २०२१ मध्ये ते डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे अधिकृत मानक झाले. त्यातला गेन नोड, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारा भाग, नमुन्यागणिक पातळी बदलू शकतो. त्याची घातांकी उतरण (ठराविक वेळात ठराविक पटीने कमी होणारी) ० पर्यंत नेता येत नाही, चूक दाखवली जाते. म्हणून ०.०००१ सारख्या आकड्यापर्यंत उतरून मग आवाज थांबवतात. वेब ऑडिओतून न जाता वेबपानातल्या (एचटीएमएलच्या) साध्या ऑडिओ टॅगने वाजणाऱ्या संगीताची गोष्ट वेगळी: आयफोनवर त्या टॅगचा व्हॉल्यूम स्क्रिप्टमधून बदलत नाही, तो कायम १ राहतो. संगणकावर नीट चालणारा फेड फोनवर निकामी झाला, तर सर्वांत आधी संगीत यांपैकी कोणत्या मार्गाने वाजते ते तपासावे.