कलम १८ ची नोटीस आली तर सात दिवसांत काय करायचे

आपल्याकडे कुंटणखान्याला परवाना नसतो आणि विकास आराखड्यात त्याच्यासाठी जागाही नसते. जागेचा निकाल लागतो तो १९५६ च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाने, म्हणजे सगळे ज्याला ‘पिटा’ म्हणतात त्याने. प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, हॉस्पिटल यांच्यापासून २०० मीटरच्या आत कुंटणखाना चालतो अशी खबर लागली की दंडाधिकारी याच कायद्याच्या कलम १८ खाली मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस काढू शकतात.

मुदत सात दिवसांची, नोटीस मिळाल्यापासून. कागद दाराला चिकटवलेला दिसला तर फाडू नका. मोबाइलवर फोटो घ्या आणि मिळाल्याची तारीख कोपऱ्यात पेनाने लिहा.

उत्तर मालक देऊ शकतो, भाडेकरू देऊ शकतो, खोलीचा ताबा असलेली बाईही देऊ शकते. भाडेपावत्या किंवा करार, लाइट बिल, आधार किंवा रेशन कार्ड आणि नोटिशीची झेरॉक्स जोडा. अंतराबद्दल वाद असेल तर सिटी सर्व्हेचा नकाशा लावा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. एकटीच धंदा करणाऱ्या बाईची स्वतःची खोली कायद्याच्या व्याख्येत कुंटणखाना ठरत नाही. पण अशा ठिकाणांजवळ धंदा करायला बंदी घालणारे कलम ७ २०० मीटरच्या आत तिलाही लागते, म्हणून हा मुद्दा वकिलाला विचारूनच लिहा. वकील फुकट मिळतो: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाची अट नाही.

सुनावणी चुकवू नका, हे मी हात जोडून सांगते. आदेश निघाला की सात दिवसांत खोली सोडावी लागते आणि त्यावर अपील नाही. पुढे वर्षभर, आणि तिथे अल्पवयीन मुलगी सापडली असेल तर तीन वर्षे, ती जागा भाड्याने देण्याआधी दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मालकाला गैरवापराची कल्पना नव्हती असे दिसले, तर जागा त्याला परत मिळू शकते. बाईचे बिऱ्हाड मात्र रस्त्यावर येते.

कागद जोडताना आधारच नाही असे लक्षात आले, तर धंदा करणाऱ्या बायकांच्या आधारबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२२ चा आदेश उपयोगी पडतो. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचे किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचे प्रमाणपत्र असले की आधार काढताना पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. व्यवसाय ओळखू येईल असा कोड आधारच्या नोंदणी क्रमांकात टाकायलाही न्यायालयाने मनाई केली आहे.