मतिउर रहमान : एका विमानातले दोन वीर

1971 च्या डिसेंबरातले तेरा दिवस आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहेत. ही घटना त्याआधी साडेतीन महिन्यांची.

फ्लाइट लेफ्टनंट मतिउर रहमान हे पाकिस्तानी हवाई दलातले बंगाली प्रशिक्षक होते. मार्चमध्ये ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पाकिस्तानी सैन्याची कत्तल सुरू झाली तेव्हा ते रजेवर तिकडेच होते. गावाकडच्या पोरांना थोडेफार लष्करी शिक्षण देऊन मे महिन्यात ते बायको-मुलींसह कराचीला परतले. तिथे बंगाली वैमानिकांना उड्डाण बंद झाले होते. रहमान यांच्याकडे उड्डाण-सुरक्षेचे काम आले, आणि नेमके तेच पुढे उपयोगी पडले.

20 ऑगस्टला कराचीच्या मसरूर हवाई तळावरून राशिद मिन्हास हा वीस वर्षांचा शिकाऊ वैमानिक टी-33 हे प्रशिक्षण विमान घेऊन एकटाच निघाला होता. रहमान यांनी खूण करून विमान थांबवले. सुरक्षा अधिकारीच थांबवतोय म्हटल्यावर शिकाऊ पोरगा थांबणारच. रहमान मागच्या सीटवर चढले. विमान पळवले जात असल्याचा मिन्हासचा संदेश नियंत्रण कक्षाला मिळाला, तोवर विमान अगदी खालून भारताच्या दिशेने निघाले होते. ठट्ट्याजवळ ते कोसळले. सीमा जेमतेम पन्नास किलोमीटर उरली होती. दोघेही गेले.

विमान पाडले कोणी, हा वाद तेव्हापासूनचा. पाकिस्तानची अधिकृत बाजू अशी की, मिन्हासने ते जाणूनबुजून जमिनीवर आदळले. काही दिवसांतच त्याला निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च लष्करी सन्मान जाहीर झाला. त्या हवाई दलातला हा आजवरचा एकमेव. बांगलादेशात झटापटीची हकीकत सांगतात. पाकिस्तानी निवृत्त वैमानिकांच्या लिखाणात तिसरीच शक्यता येते : विमानाचे काचेचे छत नीट बंद नव्हते, ते उडून शेपटीवर आदळले. मला झटापट आणि छत दोन्ही पटतात. प्रशिक्षण विमानात पुढची आणि मागची नियंत्रणाची दांडी एकमेकींना जोडलेली असते. एकाने ओढली की दुसऱ्याच्या हातातली हलते. इतक्या कमी उंचीवर दोघे विरुद्ध बाजूंना ओढत असतील, तर कोणी ठरवून पाडायची गरजच उरत नाही.

रहमान फितूर होते का, हा प्रश्न त्याहून अवघड. हंगामी बांगलादेश सरकारचा शपथविधी 17 एप्रिललाच झाला होता, पण ऑगस्टमध्ये त्याला एकाही देशाची मान्यता नव्हती. भारताची आली 6 डिसेंबरला. म्हणजे कागदावर ते शपथ मोडणारे अधिकारीच. पण ज्या दलाने केवळ बंगाली म्हणून त्यांना विमानापासून लांब ठेवले, त्याने शपथेचा हिशेब एकतर्फी मांडावा हे काही पटत नाही.

जे बंगाली वैमानिक निसटून भारतात पोचले त्यांनी 28 सप्टेंबरला नागालँडमधल्या दिमापूरला स्वतःचे हवाई पथक उभे केले. त्यांच्याकडे एक डाकोटा विमान, एक ऑटर विमान आणि एक अल्युएट हेलिकॉप्टर होते. 3 डिसेंबरच्या रात्री त्यांनी नारायणगंज आणि चितगावचे तेलसाठे पेटवले.

1973 मध्ये बांगलादेशाने सात जणांना वीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला; त्यांत रहमान होते. जेसोरच्या हवाई तळाला त्यांचे नाव आहे, जसे पाकिस्तानात कामऱ्याच्या तळाला मिन्हासचे. पण रहमान यांचा देह मात्र मसरूर तळाच्या कर्मचारी कब्रस्तानातच राहिला. पस्तीस वर्षे मागण्या आणि वाटाघाटी चालल्या. अवशेष ढाक्याला आले ते जून 2006 मध्ये, आणि मीरपूरला सरकारी इतमामात पुन्हा दफन झाले. पुढच्याच वर्षी त्या सातांपैकी आणखी एकाचे अवशेष भारतातून, त्रिपुरातून, मायदेशी नेण्यात आले.