लाईट बिल घेऊन या, मग बोलू

सोलापुरात मार्च लागला की पत्र्याखाली बसवत नाही, मे मध्ये पारा 43-44 ला टेकला की फॅन, कूलर, फ्रिज रात्रंदिवस चालूच, आणि मग बिल आलं की घरात वादावादी. आमचं काम तिथून सुरू होतं. आम्ही पॅनल विकत नाही, एसी पण नाही, फक्त सल्ला देतो. वर्षभराची बिलं आणा, मोबाईलमध्ये असली तरी चालतील, मग आम्ही घरी येऊन एकेक वस्तू मीटरला लावून बघतो आणि पैसे आधी कुठं घालायचे ते लिहून देतो.

एक गैरसमज लई लोकांचा आहे, की 100 च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या रेटनं लागतं. तसं नाही ओ. पहिले 100 खालच्याच रेटनं, मग 101 ते 300, मग 301 ते 500, असं टप्प्यानं चढतं. म्हणजे तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं, म्हणून थोडं वाचवलं तरी बिलात दिसतं.

सगळ्यात आधी फॅन बघा. जुना फॅन साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा फॅन, 30 च्या आसपास. 16 तास चालला तर जुन्याला महिन्याला 36 युनिट, नव्याला 14-15, आणि घरात तीन फॅन असतील तर हिशोब तुम्हीच करा. कूलरला आपली कोरडी हवा एकदम मानवते पण लोक दारंखिडक्या घट्ट लावून बसतात, मग नुसता दमटपणा. समोरची खिडकी उघडी पाहिजेच. पत्र्याला किंवा स्लॅबला उन्हाळ्याआधी पांढरा कलर नाहीतर चुना मारा, खोलीत फरक कळतो. फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर गेलंय, रबर बदला, फ्रिज बदलायची घाई नको.

सोलर? जरूर घ्या, पण वरचं सगळं झाल्यावर, नाहीतर फुकट जाणाऱ्या विजेसाठी पण पॅनल विकत घ्याल. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी गच्ची लागते, दिवसाला सरासरी 4 युनिट धरा. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्तीला 78,000 सबसिडी आहे. जुळे सोलापूरकडच्या सोसायट्यांना जिन्याचे लाईट, लिफ्ट, पाण्याची मोटार यासाठी वेगळी मिळते, किलोवॅटला 18,000. सोसायटीची मीटिंग असेल तर आम्ही येऊन समजावून सांगतो, भांडणं मात्र तुमची तुम्ही मिटवायची.

लूमवाल्यांना एकच सांगणं, मोटार जळाली की रिवाइंडिंग, परत जळाली की परत रिवाइंडिंग, असं करत करत ती तेवढ्याच कामाला जास्त युनिट खायला लागते. शेडमध्ये येऊन मोजून देतो, मग नवी परवडते का ते बघा.

बिल बघून दिलेला सल्ला फुकट, घरी किंवा शेडवर यायची फी आधीच सांगतो. तेलुगू, कन्नड, उर्दूत बोलायचं असलं तरी ऑफिसात माणसं आहेत.